असाधारणत्वाचा दाखला कसा काढावा

जबलपुरात जन्माचा दाखला निघतो, मूळनिवासी प्रमाणपत्र निघतं, नशीब जोरावर असेल तर मुंबईचं तत्काळ तिकीटही निघतं. पण आपण असाधारण आहोत असा दाखला इथलं कुठलंही कार्यालय देत नाही. तो अमेरिकेचं सरकार देतं. १९९० च्या कायद्याने तिथे 'असाधारण क्षमते'च्या माणसाला, कुणी मालक पाठीशी नसतानाही, स्वतःच स्वतःसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. त्या वेळी अमेरिकेत असायलाच हवं असंही नाही. अधारतालच्या घरात, इन्व्हर्टरच्या भरवशावर, 'आय-१४०' नावाचा हा अर्ज भरता येतो. आमच्या भाच्याने भरला. तो तणशास्त्रज्ञ. पुढचं मार्गदर्शन त्याच्या हालांवर आधारलेलं आहे.

आधी संस्कार गुंडाळून माळ्यावर ठेवावेत. स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला समर्थांनी मूर्खांच्या यादीत घातलं आहे. अमेरिकेच्या यादीत यायचं तर नेमकं तेच करावं लागतं. भाचा तीन दिवस 'काम बरं झालं आहे' याच्या पुढे सरकेना. दोष त्याचा नाही. गणितात ९८ मिळाले तर 'दोन कुठे सांडलेस' असं विचारणाऱ्या घरात तो वाढला. चौथ्या दिवशी वकिलाने त्याचं वाक्य परत पाठवलं, तेव्हा त्यात तो 'या क्षेत्राच्या शिखरावरील मोजक्या व्यक्तींपैकी एक' झाला होता. ते वाचून त्याने दार लावून घेतलं.

निकष दहा, त्यांतले तीन जुळवायचे. पुरस्कार राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय हवा. गणेशोत्सवातली शाल आणि नारळ धरत नाहीत. सभासदत्वही कर्तृत्व पारखून दिलेलं लागतं, वर्गणी भरून मिळालेलं नाही. इतरांचे शोधनिबंध तपासणं मात्र चालतं. आयुष्यभर फुकट केलेल्या या वेठबिगारीला प्रथमच कुणी किंमत देतंय, तेव्हा संपादकांच्या सगळ्या इमेल जपून ठेवाव्यात. आपल्याबद्दल छापून आलेलंही चालतं. भाच्याकडे हिंदी दैनिकाचं एक कात्रण होतं. त्यातल्या फोटोत मंत्रिमहोदय पूर्ण, भाचा अर्धा कान. बातमीचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर आणि 'मला दोन्ही भाषा येतात' असं भाषांतरकाराचं सहीनिशी प्रमाणपत्र जोडावं लागलं. गलेलठ्ठ पगार हाही एक निकष आहे. सरकारी शास्त्रज्ञांनी त्या ओळीवरून नजर हळूच पुढे न्यावी.

तीन जुळले म्हणजे झालं, असं समजू नये. पोगोस कझारियन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाच्या २०१० च्या खटल्यापासून तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी निकष मोजतात, मग सगळं एकत्र ठेवून माणूस खरंच शिखरावर आहे का ते बघतात. आपल्याला हे नवं नाही. पत्रिका जुळते, गुण छत्तीसच्या छत्तीस येतात, आणि पोहे खाऊन झाल्यावर 'कळवतो' म्हणतात. कझारियन स्वतः हरले, पण आज प्रत्येक अर्जदार त्यांचं नाव घेतो. साइटेशन म्हणतात ते याला.

शिखर झेपत नसेल तर 'राष्ट्रीय हिता'चा रस्ता आहे. २०१६ च्या धनसर निकालाप्रमाणे काम मोलाचं आणि राष्ट्रीय महत्त्वाचं हवं, ते पुढे नेण्याची आपली ऐपत हवी आणि एकूण तोलून पाहता मालकाची अट सोडणं अमेरिकेच्या फायद्याचं हवं. हे तोलणं मदनमहालच्या बॅलन्सिंग रॉकसारखं आहे: कशावर टेकलंय ते दिसत नाही, पण १९९७ च्या भूकंपातही पडलं नाही.

जबलपूरचं तण अमेरिकेच्या राष्ट्रीय महत्त्वाचं कसं? इथे भाच्याला गाजरगवत पावलं. हे मूळचं अमेरिका खंडातलं. पन्नासच्या दशकात ते पुण्यात दिसलं. अमेरिकन गव्हाबरोबर आलं असं सांगतात. त्याला खाण्यासाठी १९८३ मध्ये मेक्सिकोहून भुंगा आणला, तोही इथलाच झाला. आमच्या शहरात १९८९ पासून तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. गवताने आणि भुंग्याने मात्र कुणाकडेही अर्ज केलेला नाही.

शिफारसपत्रांचं जगजाहीर गुपित असं की मसुदा बहुधा अर्जदारच करतो. सहा पत्रं लिहायची असतील तर सहा स्वभाव धारण करावेत. भाच्याच्या सहाही जागतिक तज्ज्ञांनी त्याला 'अथक परिश्रमी' म्हटलं होतं, आणि 'अथक'चं इंग्रजी स्पेलिंग सहाही जणांनी सारखंच चुकवलं होतं.

मौन मात्र धरू नये. एके काळी जबलपुरात तत्त्वज्ञान शिकवणारे रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेत गेले आणि धर्मगुरू म्हणून तिथे राहण्याची परवानगी त्यांनी मागितली. ते आजारी आहेत आणि मौनात आहेत, मग धर्मगुरू कसे, म्हणून अर्ज आधी फेटाळला गेला. १९८४ मध्ये तो मान्य झाला, आणि १९८५ मध्ये इमिग्रेशनच्याच खटल्यात चार लाख डॉलर भरून त्यांना देश सोडावा लागला.

समजा, अर्ज मंजूर झाला. आता रांग. तिथे असाधारणत्व कामाला येत नाही, जन्मभूमी येते. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून जास्त व्हिसा नाहीत. राष्ट्रीय हिताचे अर्ज ज्या ईबी-२ गटात येतात, त्यात भारतात जन्मलेल्यांची तारीख २०२५ मध्येही २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. जोडीदार दुसऱ्या देशात जन्मलेला असेल तर त्या देशाच्या रांगेत उभं राहता येतं. तेव्हा उपवर शास्त्रज्ञांच्या आईवडिलांनी नाडीपेक्षा जन्मस्थळ बघावं. नेपाळची मुलगी उत्तम.

भाचा भारतीय रांगेतच आहे. मधल्या काळात जन्माचा दाखला शोधायला घेतला, तर त्यात नावाच्या जागी नुसतं 'पुत्र' निघालं. आता हा पुत्र तोच, असं आत्याने प्रतिज्ञापत्रावर लिहून दिलं आहे. असाधारण म्हणायला सहा परदेशी प्राध्यापक लागले, जन्मला म्हणायला आत्या पुरली.

तुमचा नंबर लागेपर्यंत आवारातलं गाजरगवत तेवढं उपटा. फुलं यायच्या आधी, आणि हातमोजे घालून. अंगाला खाज सुटते.