हलक्या झोपेचा माणूस

‘माझी झोप फार हलकी आहे, पान हललं तरी जाग येते,’ असं जो पहिल्याच दिवशी सांगतो, त्याच्यासोबत खोली घेऊ नये. हा माणूस पुण्यात कॉट बेसिसवर सापडतो, मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून सापडतो. पण अस्सल नमुना पाहायचा तर बुऱ्हाणपूरला यावं. इथं जुन्या गावात कित्येक घरांत खाली यंत्रमाग आणि वर भाडेकरू. नवख्याचं पहिले काही दिवस त्या खटखटीनं डोकं उठतं. मग कान सरावतात. एका लयीतला आवाज डोकं सोडून देतं. जो होतो, थांबतो आणि आता संपला म्हणेपर्यंत पुन्हा होतो, तो मात्र सोडत नाही. आमच्या भाऊंचे सगळे आवाज या दुसऱ्या जातीचे.

भाऊ रावेरकडचे. केळीवाल्यांना ठिबकच्या नळ्या विकतात. रावेर आणि बुऱ्हाणपूर यांच्यामध्ये फक्त राज्याची हद्द आहे; केळी, उकाडा आणि वांग्याचं भरीत दोन्हीकडे तेच. त्यामुळे भाऊंना इथं परकं वाटत नाही, आणि परकं न वाटणारा माणूस रात्री मोकळेपणानं वावरतो.

त्यांना यायला साडेअकरा होतात. आम्ही झोपलोय हे पाहून ते दिवा लावत नाहीत. हा त्यांचा चांगुलपणा. अंधारात मग आधी बादलीला पाय लागतो, नंतर बादलीतल्या तांब्याला. मग शेवेची पिशवी निघते. पिशवी एकदम फाडली तर एकच आवाज होईल आणि विषय संपेल. पण भाऊ आमच्या काळजीनं ती हळूहळू उघडतात. एक चुरचुर. थांबणं. आमच्याकडे पाहणं. पुन्हा एक चुरचुर. शेवटी न राहवून हलक्या आवाजात विचारतात, ‘झोपले का भो?’ उत्तर दिलं तरी पंचाईत, नाही दिलं तर पुन्हा विचारतात. कधी शेवेऐवजी मावा जलेबी असते. तेव्हा आमचाही राग अर्ध्यावर येतो, हे कबूल करायला हवं.

खाऊन झालं की पाणी. शहराबाहेर कुंडी भंडारा आहे. अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत, 1615 च्या सुमारास, सातपुड्याकडून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, कुंड्यांच्या रांगेखालून गावाकडे आणलं. एवढं पाणी चारशे वर्षं पायांखालून गेलं, गावाची झोपमोड झाली नाही. भाऊंच्या घशातून एक तांब्या उतरताना मात्र शेजारची भिंतसुद्धा कूस बदलते.

पाण्यानंतर इतिहास. किल्ला खोलीपासून फार लांब नसल्यामुळे भाऊंना शहाजहानबद्दल घरच्यासारखी आस्था आहे. मुमताज महल 1631 साली इथंच बाळंतपणात वारली, तिला तापीपलीकडे जैनाबादला पुरलं आणि सहाएक महिन्यांनी तिचं शव आग्र्याला नेलं, हे आम्ही मध्यरात्री वरचेवर ऐकतो. थोडक्यात, बुऱ्हाणपुरात तिलाही सलग झोप मिळाली नाही.

मग भाऊ आडवे होतात आणि घोरणं सुरू होतं. नियमानं पाहिलं तर वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबलची मर्यादा आहे. आमच्यातल्या पॉलिटेक्निकवाल्यानं मोबाइलचं मीटर भाऊंच्या उशाशी धरलं, तर आकडा साठीच्या पुढं गेला. पण तक्रार करणार कुठं? लाउडस्पीकर जप्त करता येतो, रूम पार्टनर येत नाही.

उपाय आम्ही केले. कापसाचे बोळे घातले. त्यांनी माग थोडा बारीक झाला आणि भाऊ जास्त स्पष्ट ऐकू आले. त्यांच्या आधी झोपायचं ठरवलं, तर तांब्या होताच. उताणं झोपल्यावर जीभ मागे सरकून घसा अरुंद होतो, कुशीवर झोपलं की घोरणं कमी होतं, असं कळलं. म्हणून भाऊंच्या बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला. भाऊंनी विरोध केला नाही. ते चेंडूवर उताणेच झोपले आणि सकाळी म्हणाले, ‘कमरेला बरं वाटलं.’ उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की आम्ही गच्चीवर पळतो. भाऊ आमच्या आधीच तिथं पसरलेले असतात, वाऱ्याच्या बाजूला.

लाइट गेली की मात्र खरी मौज. माग थांबतात, गल्ली चिडीचूप होते आणि भाऊ ताडकन उठून बसतात. ‘काय झालं? काय झालं?’ शांततेनं दचकून उठणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. लाइट येईपर्यंत ते झोपत नाहीत आणि आम्हालाही एकटं सोडत नाहीत.

पहाटेची गाडी पकडायची असली तर साडेचार, चार चाळीस, चार पन्नास असे गजर. लालबागच्या स्टेशनावर वेळेत पोचता येईल इतके आम्ही जागे असतो. गाडीनं जायचं असतं ते त्यांना.

आणि सकाळी दात घासताना हमखास तेच. ‘रात्री कोणीतरी सारखी कूस बदलत होतं. माझी झोप हलकी ना, डोळ्याला डोळा नाही.’ हे सांगताना चेहरा इतका ओढलेला की आम्हीच वरमतो. एकदा तर पॉलिटेक्निकवाल्यानं माफीही मागितली.

गेल्या महिन्यात भाऊंनी खोली सोडली. शनवाऱ्याकडे एकट्यासाठी जागा पाहिली म्हणे. डिपॉझिट परत घेताना घरमालकांना त्यांनी कारण सांगितलं असावं, कारण त्याच संध्याकाळी मालक जिना चढून वर आले, चप्पल दारात काढली आणि आम्हाला नीट समज दिली: नवीन पार्टनर येतोय, सभ्य माणूस आहे, याला तरी रात्री सुखानं झोपू द्या. त्याची झोप जरा हलकी आहे.