बिननावाच्या गोळ्यांबद्दल अभिनंदन

मा. व्यवस्थापक,
वृद्धाश्रम (कोणता, ते सुज्ञास सांगणे न लगे)



आपल्या संस्थेत नावाला किती मान आहे, हे पाहून ऊर भरून आला. पंख्यांच्या पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ', बाकांवर देणगीदार, ताटावाट्यांवर कोरलेली नावं. नाव नाही ते फक्त गोळ्यांना. बिस्किटांच्या एकाच पत्र्याच्या डब्यात सगळ्यांचं बीपी, थायरॉइड आणि साखर गुण्यागोविंदाने नांदते.

आमच्या आत्याची गोळी कोणती, असं विचारलं. मावशी म्हणाल्या, "ती गुलाबी, छोटी." डब्यात गुलाबी, छोट्या गोळ्या तीन जातींच्या निघाल्या.

आपल्या कात्रीचं कौतुक वेगळं करायला हवं. पट्टी आली रे आली की तिचे एकेका गोळीचे तुकडे पडतात आणि मुदतीची तारीख छापलेलं टोक केरात जातं. त्यामुळे आपल्याकडे कुठलंही औषध मुदतबाह्य म्हणून होतच नाही. ही किमया भल्याभल्या रुग्णालयांना साधलेली नाही.

कुणी निवर्तलं की कॉट नव्या आजोबांना आणि उरलेल्या गोळ्या डब्याला. "महागाची औषधं, टाकायची कशाला?" हे आपलं म्हणणं मला पटलं. मेथोट्रेक्सेटला पटेल असं नाही. संधिवातावर ती गोळी आठवड्यातून एकदाच घेतात. चुकून रोज दिली गेली तर रक्तपेशी तयार होणं मंदावतं, माणूस दगावतोसुद्धा.

फ्रिजही पाहिला. कोथिंबिरीच्या जुडीमागे, बर्फाच्या कप्प्याला चिकटून इन्शुलिनच्या बाटल्या. न उघडलेलं इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवतात. एकदा गोठलं की वितळवूनही उपयोग नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. ही कधी उघडली, असं विचारल्यावर आपण म्हणालात, "गणपतीत असेल." तुळशीचं लग्न उरकलं हो! शेजारीच ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्या सिरिंजा एकाच पेल्यात. १०० युनिटचं इन्शुलिन ४० च्या सिरिंजने मापून दिलं तर डोस थेट अडीचपट होतो.

मावशींना बोल लावू नका, त्यांना कुणी शिकवलेलंच नाही. पट्ट्या अख्ख्या राहू द्या, प्रत्येकाचा खण वेगळा करा, बाटली उघडली की तिच्यावर तारीख घाला. कुलपाच्या कपाटाचे पैसे मी देतो. किल्ली तेवढी पाळीवरच्या नर्सकडेच असू द्या.

कळावे,
आपला,
एका आत्याचा भाचा