लेक बापावर लेक

डच माणूस डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं आणि पुराव्यानिशी बाहेर आलेलं यांची कधी सरमिसळ करत नाही. त्यासाठी त्याच्याकडे तीन क्रियापदं आहेत. स्वतःला तसं दिसलं, तर लैकन. कुणाकडून तरी कळलं, खरंखोटं सांगणाऱ्यापाशी, तर स्खैनन. शेवटी उघडकीलाच आलं, तर ब्लैकन.

अ‍ॅमस्टलवीनच्या डच वर्गात बाईंनी ही तिन्ही फळ्यावर लिहिली, तेव्हा बाकीचे देशोदेशीचे विद्यार्थी डोक्याला हात लावून बसले. मी मात्र निवांत. आपल्याकडे स्खैननला 'म्हणे' म्हणतात आणि ब्लैकनला 'निघाला'. 'जावई म्हणे इंजिनीअर आहे' आणि 'जावई दहावी नापास निघाला' यांतलं अंतर ज्याला कळतं, त्याला डच व्याकरण काय घाबरवणार!

लैकनपुढे 'ऑप' लावलं की अर्थ होतो 'सारखं दिसणं'. ऑप म्हणजे वर. म्हणजे डच पोरंही आपल्या पोरांसारखी बापा'वर'च जातात. भूतकाळी रूप ऐकल्यावर तर मी वही मिटली. ते रूप आहे 'लेक'! तो बापासारखा दिसायचा, याला डच लोक म्हणतात 'है लेक ऑप झैन फाडर'. यात मराठी माणसाने शिकण्यासारखं राहिलं काय?

राहिलं ते जरा भयंकर आहे. 'लैक' म्हणजे प्रेत, आणि त्याचं अनेकवचन पुन्हा लैकनच. जुन्या जर्मानिक भाषांत हा शब्द साध्या देहाचा, आकाराचा होता. ज्याचा आकार तोच, तो 'खलैक', म्हणजे समान. पुढे डच देहातला जीव गेला, क्रियापदातला राहिला. त्यामुळे बाळ बघायला गेलेली मंडळी कुरकुरीत टोस्टवर साखरेत घोळलेल्या, बडीशेपसारख्या गुलाबी किंवा निळ्या गोळ्या खात, 'कुणावर गेलंय' याची चर्चा करतात, ती अशा क्रियापदाने. कुणाचा घास अडकत नाही.

खलैकचा दुसरा अर्थ 'बरोबर'. आपलं 'बरोबर' तरी काय, बरोबरीतही तेच आणि उत्तरपत्रिकेतही तेच. पण डच लोक इथे एक पाऊल पुढे आहेत. त्यांच्याकडे खलैक असणं वेगळं आणि खलैक मिळणं वेगळं. आपलं म्हणणं बरोबर असणं ही एक गोष्ट, समोरच्याने ते कबूल करणं ही दुसरी. पहिलं माझ्याकडे लग्नापासून पडून आहे.