पेरलं ते पुरावा म्हणून आणा

अकोल्याच्या दुकानातून सोयाबीनची पिशवी विकत घेणारा शेतकरी ‘ग्राहक’ असतो का? विकणाऱ्यांना याचा भारी संशय. त्यांच्या मते तो माल धंद्यासाठी घेतलेला! अखेर जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, शेतकरी ग्राहकच आहे.

पुढचा पेच नमुन्याचा. बियाणे सदोष होते हे सिद्ध करायला ते प्रयोगशाळेत पाठवा म्हणे. पिशवी तर कधीच मातीत गेलेली.

“सारंच पेरलं ना बाप्पा, आता नमुना कुठून आनू?” हा वऱ्हाडी युक्तिवाद त्याच निकालात मान्य झाला, अर्थात इंग्रजीत.

२०२०च्या खरिपात सोयाबीन उगवलेच नाही, अशा तक्रारींचा राज्यभर पाऊस पडला. अकोल्यातच मुख्यालय असलेल्या महाबीजचे, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाचे, बियाणेही त्यातून सुटले नाही. त्याच वर्षी २० जुलैला नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला. पेरण्या आटोपल्यावर, हे ओघानेच आले. आता कंपनी हैदराबादची असो की अहमदाबादची, अमरावतीकराला अमरावतीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. युरोपात २७ देशांची एक बाजारपेठ आहे. फसवणूक सीमेपलीकडून झाली तर तिथल्या यंत्रणांनी एकमेकांना माहिती देणे बंधनकारक असते. इकडे तालुक्याचा पंचनामा जिल्ह्याला पोचला तरी पेढे वाटावेत.

कायद्यातली निकालाची मुदत तीन महिने, तपासणी लागली तर पाच. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघते. तोवर पावती, रिकामी पिशवी आणि तिच्यावरचे लेबल तेवढे जपून ठेवा.