पाळण्याला रंग, मिस्त्रीला कोटेशन

‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण आमच्या जिल्ह्यात कोणत्याही भाषणाच्या पहिल्या दोन मिनिटांत यावीच लागते. मग भाषण पाणंद रस्त्याचे असो की दहावीच्या गुणवंतांच्या सत्काराचे. टाळ्या पडतात आणि वक्ता पुढच्या मुद्द्याकडे सरकतो. या पाळण्याच्या कड्यांना शेवटचे तेल कधी घातले, असा प्रश्न एकही श्रोता विचारत नाही. विचारला, तर पुढच्या कार्यक्रमाची पत्रिका त्याच्या घरी जाणार नाही.

म्हणूनच म्हाताऱ्या रोलर कोस्टरचे मोठे नूतनीकरण करावे की नाही, हा देशोदेशीच्या करमणूक उद्यानांना छळणारा प्रश्न जालन्यानेच सोडवावा असे माझे ठाम मत आहे. स्वतःचे काही अडकलेले नसले की माणूस निःपक्षपाती होतो, आणि जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत असा राक्षसी कोस्टर उभा असल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मराठी माणसाची आणि रोलर कोस्टरची सलगी झाली ती गोराईत. १९८९ साली तिथे एस्सेलवर्ल्ड उघडले आणि मराठवाड्यातल्या शाळांच्या सहलींना वेरूळ-पैठणपलीकडे एक नवे तीर्थक्षेत्र मिळाले. रात्री देवगिरी एक्स्प्रेसने निघायचे, सकाळी मुंबईत उतरायचे, खाडी बोटीतून ओलांडायची आणि झिपर डिपर कोस्टरच्या रांगेत उभे राहायचे. परतीच्या गाडीत अर्धी मुले झोपलेली असत आणि उरलेली अर्धी ‘मी डोळे मिटलेच नव्हते’ म्हणून आईची शपथ घेत असत. करोनानंतर ते पार्क बंद झाले. दरम्यान खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका उभे राहिले आणि तिथला नायट्रो, सुमारे चाळीस मीटर उंचीचा, ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे धावणारा, तरण्या पिढीच्या पोटात गोळा आणू लागला. पण तोही आता तरणा राहिलेला नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी चार महिने पाऊस झेलणाऱ्या लोखंडाचे वय कॅलेंडरपेक्षा लवकर वाढते.

तर समजा, असा एक सेवानिवृत्त रोलर कोस्टर जालन्याला मिळाला, आणि त्याचे करायचे काय यावर बैठक भरली. बैठक भरलेली नाही. इतिवृत्त मात्र तयार आहे. आपल्याकडे हा क्रम नवा नाही.

पहिला उभा राहिला तो रंगवाल्यांचा गट. “साहेब, आधी रंग मारू,” एक माजी पदाधिकारी म्हणाले. “गुलाबी, पिवळा, मधून मधून तिरंगा. वर लाइटिंग. लोकांना कुठं कळतंय आत काय हाय ते!” सभागृहाने माना डोलावल्या. रंगाने नूतनीकरण होते यावर आमचा गाढ विश्वास आहे. मंत्री येणार म्हटले की विश्रामगृहाच्या कुंड्यांना गेरू लागतो, दुभाजकाला चुना लागतो, झाडांच्या बुंध्यांना पांढरे पट्टे येतात आणि शहर एका रात्रीत दहा वर्षांनी लहान होते. २०२३ साली जालन्याच्या नगरपालिकेची महानगरपालिका झाली, राज्यातली एकोणतिसावी. नव्या नावाची पाटी रंगवून टांगायला वेळ लागला नाही. नळाला पाणी मात्र अजून नगरपालिकेच्याच सवयीने येते.

रंगवाल्यांना एकच तांत्रिक अडचण आहे, आणि ती मोठी मजेशीर आहे. लोखंडी रोलर कोस्टर म्हातारा होतो तो जोडांमध्ये. गाडी दरीत उतरताना आणि वळणावर वजनाच्या तिप्पट-चौपट भार रुळावर येतो, क्षणात जातो, पुढच्या गाडीला पुन्हा येतो. वर्षानुवर्षे असे दाबणे-सोडणे चालले की वेल्डिंगच्या कडेला केसाएवढी चीर पडते. ती डोळ्यांना दिसत नाही. ती शोधायला जोड घासून उघडा करतात, लोहचुंबक लावून वर बारीक लोखंडी भुकटी टाकतात, म्हणजे भुकटी चिरेवर गोळा होऊन रेघ उमटते. किंवा पाझरणारे रंगद्रव्य लावतात, किंवा ध्वनिलहरी सोडून आतला आवाज ऐकतात. यातल्या पहिल्या दोन पद्धतींसाठी आधी काय काढावे लागते? रंग. म्हणजे आपण ज्याला नूतनीकरण म्हणतो तोच तपासणाऱ्याच्या आणि चिरेमधला पडदा असतो. हे बैठकीत कोणीतरी बोलून दाखवले. अध्यक्षांनी विचारले, “मग चिरेला मॅचिंग रंग मिळत नाही का?”

दुसरा गट आमच्या शहराचा खरा गट. एक भंगारवाले शेठ उठले आणि त्यांनी ‘नूतनीकरण’ हा शब्दच उच्चारला नाही. “वजन किती भरतंय ते सांगा आधी. टनाचा भाव आज रात्री सांगतो.” यात विनोद नाही. जालना सळईचे गाव आहे. राज्यात कुठेही स्लॅब पडत असला की त्यात जालन्याची सळई असण्याची शक्यता मोठी. एमआयडीसीतल्या भट्ट्यांत भंगार जाते, साधारण सोळाशे अंशांवर त्याचे पाणी होते, त्याचे बिलेट पडतात, बिलेटची सळई होते आणि तिच्यावर ‘५००डी’चा शिक्का बसतो. मोडकी गाडी, गंजका पत्रा, बंद पडलेल्या कारखान्याचे शेड, सगळ्यांना इथे पुनर्जन्म आहे. म्हातारा रोलर कोस्टर इथे आला तर वर्षभरात तो एखाद्या मंगल कार्यालयाच्या कॉलममध्ये जाऊन बसेल. तिथे तो हलणार नाही, कोणाला घाबरवणार नाही, आणि त्याच्या डोक्यावर बुफेच्या रांगेत माणसे तितक्याच चिकाटीने उभी राहतील. इतका मुळापासून केलेला जीर्णोद्धार जगातल्या कोणत्याही पार्कला जमलेला नाही.

एका तरुण अभियंत्याने इथे परदेश काढला. काढणारच. अमेरिकेत न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडला १८८४ साली पहिला गाजलेला रोलर कोस्टर सुरू झाला, तेव्हा त्याचा वेग ताशी दहा किलोमीटरच्या आसपास होता. पावसाळ्यात आमच्या कित्येक रस्त्यांवर एसटी याहून फार पुढे जात नाही. त्याच कोनी आयलंडला १९२७ साली ‘सायक्लोन’ नावाचा लाकडी कोस्टर उभा राहिला. सत्तरच्या दशकात तो पाडून मत्स्यालय वाढवायचा घाट घातला गेला. लोकांनी आरडाओरडा केला, नव्या चालकाने दुरुस्ती केली, १९७५ साली तो पुन्हा सुरू झाला आणि पुढे त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत जागा मिळाली. त्याचे रहस्य सोपे आहे. थंडीत पार्क बंद असते तेव्हा सुतार वर चढतात आणि कुजलेल्या फळ्या बदलतात. यंदा या, पुढच्या वर्षी त्या. फ्लोरिडातल्या ‘हल्क’ कोस्टरचे उलटे झाले. १९९९चा तो कोस्टर २०१५ साली बंद ठेवून त्याचा जवळजवळ सगळा रूळ उतरवला, त्याच आकाराचा नवा बसवला आणि २०१६ साली पुन्हा उघडला. खर्च प्रचंड. पण त्यांनी खर्च आधी केला आणि उद्घाटन नंतर, ही गोष्ट आमच्या बैठकीला पटली नाही. “उद्घाटनाआधीच बिल कसं निघालं बे?” असा मागून एक प्रामाणिक आवाज आला.

माझा स्वतःचा कौल चौथ्या माणसाकडे आहे. तो बैठकीला बसलेला नव्हता, बाहेर चहाच्या टपरीवर उभा होता. राजूरच्या गणपतीला अंगारकीला पाळणे घेऊन येणारा मिस्त्री. हाताला ग्रीस, खांद्यावर कळकट रुमाल, खिशात पान्हा. त्याच्याकडे मुलांची ड्रॅगन गाडी आहे: अंडाकृती रूळ, एक उंचवटा, पुढे रंग उडालेला ड्रॅगन, त्याचा एक दात तुटलेला. जालना जिल्ह्याचा रोलर कोस्टर म्हणतात तो हाच. जांबला रामनवमी, अंबडला मत्स्योदरी देवीचे नवरात्र, असा तो फिरत राहतो.

आणि इथे एक गंमत आहे. गावोगाव फिरणाऱ्या या पाळण्याला दर जत्रेला मोडावे लागते आणि पुन्हा जोडावे लागते. प्रत्येक खिळी हातात येते. प्रत्येक नट सोडला जातो, पुसला जातो, आवळला जातो. कोट्यवधींच्या कोस्टरला जी संपूर्ण तपासणी करायला सल्लागार नेमावे लागतात, ती याची आपोआप होते, कारण याला स्वतःची जागा घेऊन कायमचे उभे राहणे परवडत नाही. अर्थात मिस्त्री साधुसंत नव्हे. एखादी कॉटर पिन हरवली आणि हार्डवेअरचे दुकान बंद असले, तर तिथे खिळा वाकवून घालणारे महाभाग या धंद्यात आहेत, आणि त्या खिळ्यावर कोणाचे तरी लेकरू बसलेले असते. अहमदाबादच्या कांकरियात जुलै २०१९ मध्ये भरगर्दीत लंबकासारखा झोका तुटून दोघांचा जीव गेला. तिथे जत्रेचे मैदान नव्हते. नावाजलेले उद्यान होते.

मी मिस्त्रीला विचारले, “मामा, म्हाताऱ्या पाळण्याला मोठं काम लागतं का?”

“पाळणा म्हातारा होत नसतो साहेब,” तो म्हणाला. “बघणारा कंटाळतो. रोज रात्री कान लावला की तोच सांगतो कुठं दुखतंय. बेरिंग गेलं की आवाज बदलतो. मला रंग नको, मला ग्रीसचा डबा द्या अन् दोन तास बंद ठेवायची मुभा द्या.”

बंद ठेवायची मुभा! खरा वांधा तिथेच आहे. रोलर कोस्टरच्या गाडीला इंजिन नसते. साखळी तिला पहिल्या चढावर ओढून नेते, कडकड कडकड आवाज करत; तो आवाज घाबरवण्यासाठी नसतो, साखळी तुटली तर गाडी मागे घसरू नये म्हणून खालचा अडसर दात्यात पडत जातो त्याचा असतो. टोकावरून सुटली की पुढचे सगळे उतारावर. चाके वर, बाजूला आणि रुळाच्या खालूनही असतात, म्हणून गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. हे सगळे बघायला यंत्र थांबवावे लागते. थांबलेल्या यंत्रासमोर फीत लावून फोटो काढता येत नाही, आणि ‘आज काहीही पडले नाही’ अशी बातमी कोणी छापत नाही. भूमिपूजनाला कोनशिला असते, लोकार्पणाला कोनशिला असते. देखभालीची कोनशिला कुठे बसवायची? ग्रीसच्या डब्यावर?

देखभालीची ही हेळसांड जालन्याला नवी नाही. निजामाच्या राजवटीत घाणेवाडीचा तलाव बांधला गेला. त्याचे पाणी उताराने, पंपाशिवाय शहराकडे येते. रोलर कोस्टरचेच शास्त्र, फक्त किंकाळ्या नाहीत. बांधणाऱ्यांनी चढ आणि उतार बरोबर मोजले होते. गाळ काढणे पुढच्यांवर सोडले होते. पुढच्यांनी ते त्यांच्या पुढच्यांवर सोडले. पिढ्या गेल्या, गाळ बसत गेला. २०१२-१३च्या दुष्काळात टँकरच्या मागे धावताना शहराला कळले की आपल्याकडे तलाव आहे, त्यात पाण्याऐवजी माती साठवली आहे. गाळ उपसायला कंबर कसली ती व्यापाऱ्यांनी, डॉक्टरांनी, सामान्य नागरिकांनी, मंच काढून, वर्गणी गोळा करून. शेतकऱ्यांनी तो ट्रॅक्टरने शेतात नेला. जायकवाडीहून मात्र पाणी पंपांनी चढवून आणावे लागते, आणि त्या पंपांच्या वीजबिलाची थकबाकी ऐकली की कोणत्याही रोलर कोस्टरशिवाय पोटात गोळा येतो.

म्हणून मला कोणी विचारले, की म्हाताऱ्या कोस्टरला मोठे नूतनीकरण लागते का, तर मी उलट विचारीन: त्याची वही दाखवा. कोणत्या तारखेला कोणते चाक बदलले, कोणता जोड घासून पाहिला, कोणी सही केली. वही भरलेली असेल तर १९२७चा लाकडी कोस्टरही चालतो. वही कोरी असेल तर दोन वर्षांचा पाळणाही शेठच्या काट्यावर चढवावा. आणि वही एकाच शाईने, एकाच बैठकीत, वर्षभराची भरलेली असेल, जशी आपल्याकडची बऱ्याच खात्यांतली असते, तर पहिल्या गाडीत सही करणाऱ्यालाच बसवावे, कुटुंबासह.

इतिवृत्तात ही सूचना आलेली नाही. जे आले ते असे. ठराव पहिला: सदर रोलर कोस्टरचे सुशोभीकरण करण्यात यावे. ठराव दुसरा: प्रवेशद्वारी कमान उभारावी, कमानीवर कोणाचे छायाचित्र किती मोठे, यावर उपसमिती नेमण्यात यावी. ठराव तिसरा: अभ्यासदौऱ्यास अमेरिकेस जाणाऱ्या सदस्यांची यादी अंतिम करावी. मिस्त्रीचा ग्रीसचा अर्ज ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय’ या सदरात होता. त्यावर शेरा आहे: अर्जदाराने तीन कोटेशन जोडावीत, पैकी एक जिल्ह्याबाहेरचे असावे; तोपर्यंत सदर पाळणा उद्घाटनासाठी वापरण्यास हरकत नाही.