आधी नालबंदी, मग लढाई

हा बायोडेटा पाहा. जन्म १७५१, सॅव्हॉयमधल्या शाँबेरी गावी. अनुभव : फ्रेंच सैन्य, रशियन सैन्य, मद्रासला ईस्ट इंडिया कंपनी. अपेक्षा : पगार वेळेवर. आज असा उमेदवार आला तर ‘नोकऱ्या फार बदललेल्या दिसतात’ म्हणून आपण त्याला चहा पाजून वाटेला लावू. महादजी शिंद्यांनी १७८४ साली त्याला ठेवून घेतलं आणि पुढे त्याच्या कवायती पलटणींनी उत्तर हिंदुस्थान हलवून सोडला. डी बॉईन त्याचं नाव.

हा गृहस्थ डोक्यात बसला आणि मी विठ्ठलवाडीत भाडोत्री फौजांची मोहीम रचायला घेतली. विठ्ठलवाडी म्हणजे सिंहगड रोडची नव्हे, पुणेकरांनी बसून घ्यावं. कल्याण सोडून कर्जतकडे निघालं की पहिलं स्टेशन लागतं, ती. कॅरम बोर्डावर माळव्याचा नकाशा, त्यावर षटकोनी घरं, दोन फासे, आणि प्रत्येक खेळाडू एका पथकाचा नाईक.

परदेशात या छंदाला घराणं आहे. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं नियमांचं पुस्तकच काढलं. तिकडची मंडळी बोटाएवढ्या शिपायाच्या कोटाची बटणं बारीक कुंचल्याने रंगवतात. माझं सैन्य माळ्यावरच्या खोक्यातलं, दिवाळीच्या किल्ल्याचं. निम्म्या मावळ्यांचे भाले गेलेत, मुठी तेवढ्या वळलेल्या. दिवाळीच्या किल्ल्यात मावळा दरवाज्याहून मोठा आणि वाघ दोघांहून मोठा, हे आपण लहानपणीच पत्करलेलं असतं. त्यामुळे नवऱ्यामागे त्याची फौज चालवणारी सरधन्याची बेगम समरू म्हणून मी घागर घेतलेली गवळण मांडली, तेव्हा कुणी हरकत घेतली नाही. ढेरपोट्या वाणी झाला जॉर्ज टॉमस, म्हणजे जहाज सोडून पळालेला आणि हांसीला स्वतःचं राज्य थाटून बसलेला आयरिश खलाशी. महाराजांची मूर्ती मात्र खोक्यातच राहू दिली. त्यांचा काळ वेगळा, आणि त्यांच्यासमोर पगारावरून हुज्जत घालायची कुणाची छाती आहे?

कारण हुज्जतच फार झाली. घोडदळाची चाल, तोफांचा पल्ला यांवर मी रात्री जागवल्या होत्या. ती पानं कुणी उलटलीसुद्धा नाहीत. सगळ्यांचा जीव ‘पगार’ या प्रकरणात. नियम असा : मोहिमेआधी नालबंदी, म्हणजे आगाऊ उचल. मग दरमहा रोजमुरा. खजिन्यात खडखडाट असेल तर फासा टाकायचा. एक पडला तर पलटण शत्रूकडे, दोन पडले तर धन्याच्या तंबूपुढे धरणं. हे मी पदरचं घातलेलं नाही. ३० ऑगस्ट १७७३ ला गारदी शनिवारवाड्यात घुसले आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हाही त्यांच्या तोंडी थकलेल्या पगाराचीच ओरड होती.

“काका, उज्जैनवर चाला ना, होळकर अंगावर येतोय,” मी विनवलं.

“आधी मागचा फरक काढा. महागाई भत्त्याचं काय ठरलं?” काका एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेत.

शेजारच्या वहिनी पतसंस्थेत असतात. त्यांनी सावकार व्हायचं कबूल केलं आणि तोफा तारण ठेवूनही वर दोन जामीनदार मागितले. चिरंजीवांनी दोन्ही पक्षांकडून उचल घेतली आणि बुऱ्हाणपुरात तळ ठोकला.

“अरे, लढणार कधी?”

“लढलो तर माणसं मरतील, बाबा. नवी भरती काय फुकट होते?”

दिवेलागणीपर्यंत एक तोफ सुटली नाही. पण खरं सांगू? इतका इतिहासाला धरून खेळ मला नियमांनी साधला नसता. पगार अडू नये म्हणून महादजींनी डी बॉईनला दुआबातला मुलूखच लावून दिला होता. त्याची पलटण टिकली ती त्यावर. १८०३ साली इंग्रजांनी शिंद्यांच्या नोकरीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना पेन्शनचं आमिष दाखवलं आणि बरेच जण निघून गेले. सरसेनापती पेराँनेही ऐन युद्धात नोकरी सोडली. “व्हीआरएस!” काका खूश झाले. त्याच साली २३ सप्टेंबरला, आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला, शिंद्यांचे गोलंदाज मात्र तोफा सोडून हलले नाहीत; तोफांपाशीच कापले गेले. त्यांना कुणी पेन्शन विचारली नव्हती.

म्हणून माझ्या खेळात गोलंदाजाला फितुरीचा फासा नाही. वहिनी म्हणतात, हा पक्षपात आहे. आहे.

पुढची मोहीम लाखेरी, १७९३ : शिंद्यांचा डी बॉईन विरुद्ध होळकरांचा द्युद्रनेक. मराठ्यांच्याच दोन घरांचं भांडण आणि दोन्हीकडे कवायत शिकवायला परके. एक नाईक कमी पडतोय. रविवारी दुपारी या. फासे आमचे, चहा आमचा; मावळा तेवढा आपला आणा, भाल्यासकट असला तर उत्तम. नालबंदी रोख मिळेल. रोजमुऱ्याचं वहिनींशी बोलून घ्यावं.