साधं राहायचंय? आधी बजेट काढा

फ्लॅटचा कंटाळा आला? सोलापूरच्या आसपास स्वतःच्या हातांनी मातीची खोली बांधून साधं राहायचंय? अभिनंदन. घरच्यांना खर्च टप्प्याटप्प्यानं सांगा.

1. जागा : नान्नजच्या बाजूचा माळ बघा. तुम्हाला दोनच गुंठे पुरतील, पण शेतजमिनीचे असे तुकडे पाडायला 1947चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो. तेव्हा साधेपणासाठी एकरभर घ्या. शेजारी माळढोकांचं अभयारण्य आहे हे पाहुण्यांना जरूर सांगा. माळढोक दाखवायचं मात्र कबूल करू नका. काळविटावर भागवा.

2. वाचन : दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेला थोरो दर्शनी कपाटात ठेवा. या गृहस्थानं 1845 साली तळ्याकाठी दहा बाय पंधरा फुटांची झोपडी जेमतेम 28 डॉलरांत उभी केली. त्यातली गोम अशी, की जमीन मित्राची होती आणि आईचं घर चालत जाण्याइतकं जवळ. मेव्हण्याची जमीन असेल तर पहिली पायरी गाळा.

3. बांधकाम : इथं घाई नको. गावी आजोबांचं माळवद होतं ना? हात-दीड हात जाड भिंती, लाकडी तुळया, वर किलच, त्यावर कडुनिंबाचा पाला, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरी माती. मे महिन्यातही आत गार. ते तुम्हीच पाडलंत, स्लॅब ओतलात आणि तुळया जळणाच्या भावात दिल्यात. असू द्या, तेव्हा सगळेच पाडत होते. आता पुण्याहून आर्किटेक्ट बोलवा. तो त्याच मातीला 'सस्टेनेबल' म्हणेल आणि तसल्याच तुळया जुन्या बाजारातून अँटिकच्या भावानं आणेल. तोवर तुम्ही माती मळायचं दोन दिवसांचं वर्कशॉप करा. तिथं शिकवतात ते गावातली कुठलीही म्हातारी फुकट सांगेल, पण ती सर्टिफिकेट देत नाही. 'स्वतःच्या हातांनी'चं म्हणाल, तर चिखलाचा एक गोळा भिंतीला लावा, फोटो काढा, हात धुवा. पुढचं गवंडी बघतो.

4. उन्हाळा : पारा 44ला टेकला की एसी लावा. बांबूच्या तट्ट्यामागे तो दिसत नाही.

5. पाणी : शहरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून वैतागून निघालात. इथं टँकर येतो. फोन केल्यावर. कधी कधी.

6. जेवण : चूल फोटोपुरती. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं पाकीट सोलापुरातूनच घेऊन या. पाहुण्यांना हुरड्याच्या दिवसांतच बोलवा. एप्रिलमध्ये बोलवलंत तर संबंध बिघडतील.

7. राखणदार : तुम्ही येणार शनिवार-रविवार. उरलेले पाच दिवस साधं कोण राहणार? त्यासाठी एक कुटुंब ठेवा. पलीकडं पत्र्याची दहा बाय दहाची खोली द्या. थोरोपेक्षा पन्नास चौरस फूट कमी, खाणारी तोंडं चार. त्या माणसाला साधेपणाचं महत्त्व समजावत बसू नका. मृगाआधी माळवदावर नवी माती टाकायची असते, ते काम त्याला येतं. मजुरी आगाऊ द्या. आणि उन्हाळ्यात स्वतःच्या पत्र्यावर टाकायला त्यानं उसाचं पाचट मागितलं, तर नाही म्हणू नका.